परके वाद्य, आपले सूर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावेत असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे काम पेटीवर बसण्याचे. आपण सर्वांनी भजन म्हणावे आणि मी सूर धरावा, अशी आपली वाटणी गेली कितीतरी वर्षे ठरलेली आहे. परंतु विषय तुमचा तुम्हीच निवडा, अशी मोकळीक मिळाली. मनात पुष्कळ दिवस साचलेले काही होते, ते आज बोलून टाकावे असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे.

मी आज गिटारविषयी बोलणार आहे. मागच्या रांगेत हसू फुटले, ते मला ऐकू आले. हसण्यासारखेच आहे ते. जिने आयुष्यभर पेटीचा भाता हलवला, तिने गिटारीचे गोडवे गावेत, हे जरा विचित्रच. पण माझी हकीकत ऐका, म्हणजे कारण समजेल.

१९९३ सालचा पावसाळा. माझी मुलगी त्या वेळी नववीत होती. एके दिवशी संध्याकाळी ती मैत्रिणीच्या भावाची गिटार घेऊन घरी आली. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, लहान मूल पावसातून आणावे तशी जपून आणली होती. मला शिकायचे आहे, म्हणाली. मी पेटी पुसत होते. मान वर न करता मी सांगितले, "हे वाद्य आपले नाही. शिकायचे तर सतार शीक, नाही तर घरात पेटी आहे, ती शीक." ती वाद घालणारी मुलगी नव्हती. दुसऱ्या दिवशी तशीच कागदात गुंडाळून तिने गिटार परत केली. सतारही शिकली नाही आणि पेटीही शिकली नाही.

पुढच्या मार्चमध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांना गिटारीवर आपले रागसंगीत वाजविल्याबद्दल अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळाले होते. मुलीने ते कात्रण कापून माझ्या पेटीच्या झाकणाखाली ठेवले. बोलली काहीच नाही. मी ते वाचले, घडी घातली आणि होते तिथेच ठेवले. अजून ते तिथेच आहे.

त्या कात्रणाने मला या गृहस्थांच्या मागे लावले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकल्या, जे हाती लागले ते वाचले. आता ते पंच्याहत्तरीच्या घरात आहेत आणि पन्नासहून अधिक वर्षे एका वाद्याशी त्यांनी संसार केला आहे. त्या संसाराची गोष्ट मी आज सांगते.

जयपूरचे हे भट्टांचे घर गाण्याचे. वडील मनमोहन भट्ट आणि आई चंद्रकला भट्ट दोघेही गात व शिकवीत. थोरले बंधू शशिमोहन सतार वाजवीत, ते पंडित रविशंकर यांचे शिष्य. बहीण मंजू हीसुद्धा सतारच शिकली. म्हणजे धाकट्या मुलाच्या हाती सतार यावी, हे जवळजवळ ठरल्यासारखेच. अशा घरी एक जर्मन मुलगी सतार शिकायला आली आणि येताना आपली गिटार घेऊन आली. तिचे मन आपल्या सतारीवर आणि या मुलाचे मन तिच्या गिटारीवर! ही हकीकत विश्वमोहनजींनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. भगिनींनो, प्रसंग पाहा, माझ्या घरी घडला त्याच जातीचा. फरक एवढाच की त्या घरात गिटार टिकली.

पण टिकली म्हणजे लगेच आपली झाली, असे मात्र नाही. खरे कष्ट इथून पुढचे आहेत.

गिटारीच्या दांडीवर पडदे ठोकून बसविलेले असतात. तार ज्या पडद्यावर दाबावी तो सूर मिळतो. चार-सहा तारा एकदम छेडून सुरांचा घोस उठवावा, ही पाश्चात्त्यांची रीत, आणि त्या रीतीला हे पडदे सोयीचे. आपल्या गाण्याची रीत निराळी. आपण एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखे जात नाही, झोपाळा झुलावा तसे जातो. मधली जागा रिकामी न सोडता जाणे म्हणजे मींड. सतारीत पडदे असले तरी तार त्यावर आडवी ओढून मींड काढता येते. गिटारीची तार तशी फार ओढता येत नाही. मग मींड आणावी कुठून?

याचे उत्तर फार दूरून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर गिटार मांडीवर आडवी ठेवून, बोटांनी तार न दाबता, तिच्यावरून धातूची कांडी सरकवीत वाजविण्याची पद्धत निघाली. जोसेफ केकुकु या तरुणाला तिचे श्रेय बहुधा दिले जाते. कांडी सरकते म्हणजे सूरही सरकतो. आपल्याकडे ही कल्पना नवी मुळीच नव्हती. उत्तरेत विचित्रवीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम् ही वाद्ये तारेवरून गोळा किंवा ठोकळा सरकवूनच वाजवितात. गोट्टुवाद्यम् वाजविणारे तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे मोठे नामांकित कलावंत. नावावरूनच तंजावरकडच्या आपल्या मराठी मंडळींची आठवण व्हावी. म्हणजे युक्ती हवाईची म्हणा की आपली म्हणा, दोन्ही ठिकाणी माणसाच्या कानाने एकच गोष्ट मागितली होती.

हवाईचे वादक जगभर फिरत. टाऊ मो नावाचे वादक तर १९४० नंतरची काही वर्षे कुटुंबासह कलकत्त्यात राहिले. त्या शहरात हवाईयन गिटार चांगलीच रुजली. रवींद्रसंगीत तिच्यावर वाजू लागले. इकडे मुंबईत चित्रपटाच्या गाण्यांत तिचे सूर आले. व्हॅन शिप्ले यांच्या ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी पुष्कळ जणींनी रेडिओवर ऐकल्या असतील. पण हे सगळे गाण्याच्या चालींपुरते होते. या वाद्यावर राग मांडावा, आलाप-जोड-झाला वाजवावा, हा हट्ट धरला जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी. ते सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. १९६७ साली निघालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आठवा. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून सांगितला आहे. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, तबल्याला आपले माणिकराव पोपटकर, आणि गिटारीवर हे काब्रा. आपण संतूर आणि बासरीची नावे लक्षात ठेवली, गिटार मात्र विसरलो. काब्रा २०१८ साली वारले.

विश्वमोहन भट्ट याच वाटेने पुढे गेले, परंतु त्यांनी वाद्यालाच हात घातला. गिटारीच्या सहा तारा त्यांना अपुऱ्या वाटल्या. त्यांनी वाद्याचा सारा साजच बदलला. राग गाण्यासाठी मुख्य तारा तीनच. तालाचा ठेका धरून झणकारणाऱ्या चिकारीच्या तारा वेगळ्या. आणि खाली बारा तरफा, त्यांच्यासाठी दांडीच्या बाजूला लाकडाची जोडपट्टी लावून खुंट्या बसविल्या. सगळ्या मिळून वीसच्या आसपास तारा. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांना नख्या. या वाद्याला त्यांनी नाव दिले मोहनवीणा.

तरफा म्हणजे काय, हे आपल्याला स्वयंपाकघरातच समजते. ओट्यावर पळी पडली की फळीवरची एखादी वाटी आपोआप गुणगुणू लागते. तिला कोणी हात लावलेला नसतो, तिच्या सुराशी बाहेरचा सूर जुळलेला असतो, एवढेच. तरफा तशाच. त्या छेडाव्या लागत नाहीत. वरची तार त्यांच्या सुरावर आली की त्या आपल्या आपण बोलतात, आणि एका सुराच्या मागे जणू सारे घर हुंकार देते. गिटारीला हा हुंकार नव्हता, तो तिला जयपुरात मिळाला. हे काम गंमतीचे नाही. तारा वाढल्या म्हणजे दांडीवरचा ताण वाढतो, घोडी बदलावी लागते, कांडी खालच्या पडद्यांना अडू नये म्हणून तारा उंच घ्याव्या लागतात. आणि तारेवर पडद्याचा आधार नसल्यामुळे सूर नेमका कुठे आहे ते कानानेच शोधावे लागते. कांडी गव्हाच्या दाण्याएवढी पुढेमागे झाली तरी बेसूर! वर्षानुवर्षांच्या रियाजाखेरीज दुसरा उपाय नाही. पुढे रविशंकर यांनी त्यांना शिष्य केले. घराण्याने परके वाद्य पदरात घेतले, ते ही मेहनत पाहून.

आता त्या पारितोषिकाची गोष्ट. १९९२ साली अमेरिकेतल्या सांता बार्बरा गावी एका प्रार्थनामंदिरात ते आणि राय कूडर नावाचे अमेरिकन गिटारवादक समोरासमोर बसले. दोघांची ओळख होऊन तासही झाला नव्हता. पूर्वतयारी काहीच नाही. तबल्याला सुखविंदर सिंग नामधारी, आणि कूडरांचा किशोरवयीन मुलगा जोआकिम एक अरबी पद्धतीचा ढोल घेऊन बसला होता. राय कूडरसुद्धा तारेवर नळी सरकवूनच वाजविणारे. दोघांची भाषा वेगळी, गाणे वेगळे, पण हाताची चाल एक. त्या बैठकीतून 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली, ती १९९३ मध्ये बाहेर आली आणि १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. पुढे सरकारने भट्टांना २००२ साली पद्मश्री आणि २०१७ साली पद्मभूषण दिले.

मला मात्र या मानसन्मानांपेक्षा त्यांनी पुढे केलेले एक काम जास्त मोलाचे वाटते. जग फिरून आल्यावर ते आपल्या अंगणाकडे वळले. राजस्थानच्या वाळवंटात लंगा आणि मांगणियार या गाणाऱ्या जमाती आहेत. यजमानाच्या घरी बारसे असो, लग्न असो, पिढ्यान्‌पिढ्या हे लोक गातात. मांगणियारांची कमायचा, लंगांची सिंधी सारंगी, हातातल्या खडताली, आणि मोकळ्या रानात लांबवर जावा असा चढा आवाज. या गायकांना बरोबर घेऊन त्यांनी 'डेझर्ट स्लाईड' नावाचा कार्यक्रम बांधला. परदेशातून आलेले वाद्य गावच्या गाण्याशेजारी जाऊन बसले, आणि गाणे आपल्या जागेवरून हलले नाही, वाद्यानेच त्याच्या चालीने चालायचे ठरविले. परके वाद्य घरचे कधी होते, याची माझ्या मते ही खरी खूण आहे. सून घरातल्या माणसांचे सूर ओळखू लागली म्हणजे तिला कोणी परकी म्हणत नाही, आणि तिच्या माहेरचे चार पदार्थही मग घरात होऊ लागतात.

आपण महिला मंडळात बसलो आहोत, तेव्हा दोन स्त्रियांची नावे घेतल्यावाचून मी पुढे जाणार नाही. एक त्यांच्या भगिनी, मंजू मेहता. लग्न होऊन त्या अहमदाबादला गेल्या. रविशंकर यांच्या त्या शिष्या, आणि ब्रिजभूषण काब्रांचे बंधू दामोदरलाल यांच्याकडेही शिकल्या. १९८० साली त्यांनी व त्यांचे पती, तबलावादक नंदन मेहता यांनी 'सप्तक' ही संस्था उभी केली. तिचा जानेवारीतला संगीतमहोत्सव आज देशभर प्रसिद्ध आहे. मंजूताई २०२४ साली गेल्या. दुसऱ्या वाराणसीच्या डॉ. कमला शंकर. त्यांनी गिटारीवरच रागसंगीताची साधना केली, पंडित छन्नूलाल मिश्र यांची तालीम घेतली, गिटारीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि आपल्या वाद्याची नवी घडणही केली. 'मुलीच्या जातीला गिटार कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी हे नाव जरूर ऐकावे. म्हणणाऱ्यांत मी स्वतःही होते.

आता माझ्या पेटीविषयी. 'हे वाद्य आपले नाही' असे मी ज्या पेटीवर हात ठेवून म्हटले, ती तरी कुठली? १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मलेली. कलकत्त्याला तिचे हाताने भाता मारायचे रूप तयार झाले, आणि मग ती आपल्या घरात, देवळात, नाटकात अशी शिरली की गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. तरी १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले, ते तीसेक वर्षे बंद होते. कारण काय? तर हिचे सूर ठरलेले, हिच्यातून मींड निघत नाही! भगिनींनो, कसोटी तीच लावायची तर मींडेच्या परीक्षेत माझी पेटी नापास आहे आणि जयपूरची गिटार उत्तीर्ण. व्हायोलिनचेही तसेच. आज गजाननबुवा जोशी किंवा श्रीधर पार्सेकर यांचे व्हायोलिन ऐकताना ते विलायती आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

याचा अर्थ बाहेरून येईल ते सगळे डोक्यावर घ्यावे, असा मात्र नाही. सारंगीसारखे आपले वाद्य मागे पडले, त्याची हळहळ मलाही आहे. नुसती हौस म्हणून खांद्याला गिटार लटकविली आणि चार गाणी खडखडविली, म्हणजे ती आपली झाली असे मी म्हणणार नाही. वाद्य आपले होते ते कोणीतरी त्याच्यापाशी वर्षानुवर्षे बसल्यामुळे. परंतु बसण्यासाठी आधी ते घरात तर आले पाहिजे! दारातूनच परत पाठविलेल्या वाद्यावर कोण रियाज करणार? उंबरठ्याच्या आत बहुतेक वेळा आपणच उभ्या असतो, भगिनींनो. काय आत घ्यायचे आणि काय परत पाठवायचे, हे पुष्कळदा आपल्या एका वाक्यावर ठरते.

हे सगळे आज सांगायचे कारण असे. गेल्या महिन्यात आपल्याच आळीतल्या एका मुलीने कार्यकारिणीला पत्र दिले. शनिवारच्या भजनवर्गात मला गिटार घेऊन बसू द्याल का, एवढेच तिने विचारले होते. आपण ते पत्र 'पुढे पाहू' म्हणून बाजूला ठेवले. पुढे पाहू म्हणणारी पहिली मीच होते, हे बैठकीला हजर असलेल्यांना आठवत असेल. घरी जाऊन पेटीचे झाकण उघडले आणि ते कात्रण दिसले. माझी एकदा झालेली चूक मी तीस वर्षांनी पुन्हा करीत होते.

म्हणून अध्यक्षबाई, मी आज सर्वांसमोर सूचना मांडते की त्या मुलीला येत्या शनिवारपासून बोलवावे. वाद्यावर एकदम सुरांचे घोस वाजविले तर अभंगाची चाल झाकली जाते, हे मी तिला सांगेन. आरंभी तिने तंबोऱ्यासारखे षड्ज-पंचम धरून आमच्याबरोबर बसावे, चाली कानात मुरू द्याव्यात. मींडेची वाट तिला शोधायची असेल, तर ती जयपूरला आणि वाराणसीला कशी सापडली, तेही सांगेन. मला गिटार येत नाही, पण बेसूर ओळखता येतो, तेवढा उपयोग होईल. तिला नाही जमले तर ती आपण होऊन सोडील. पण ते तिचे तिला ठरवू द्यावे.

माझी मुलगी आता परगावी असते. ही हकीकत सांगू का, म्हणून परवा मी तिला फोन करून विचारले. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांग, आई. पण नुसती परवानगी देऊन थांबू नका. तिचे वाजवणे बसून ऐका." यापेक्षा चांगली सूचना मला सुचत नाही. ती मी तिच्या वतीने मंडळापुढे ठेवते.

 आता आरतीची वेळ झाली आहे, आणि पेटीवर मलाच बसायचे आहे.